'राजीनामा द्या' म्हणतात तेव्हा: खासगी नोकरीत रुजू होण्यापासून सुटेपर्यंतचे हक्क

खासगी कंपन्या हल्ली माणसाला सहसा काढत नाहीत, त्याच्याकडून राजीनामा घेतात. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मीटिंग रूममध्ये बोलावणं येतं. आत एचआरचे दोघं बसलेले असतात आणि राजीनाम्याचा मजकूर आधीच टाइप झालेला असतो. "तुमच्याच भल्याचं सांगतोय, रेकॉर्डवर डाग नको," असं म्हणत लॅपटॉप तुमच्याकडे सरकवतात. घरी फोन करायचीही मुभा मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपतं आणि कागदोपत्री तुम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' नोकरी सोडलेली असते.

नोकरी जाण्याबाबत कायद्याने दिलेलं बहुतेक संरक्षण काढून टाकलेल्या माणसाला आहे. स्वतःहून गेलेल्याला त्यातलं फार थोडं मिळतं. म्हणून या लेखात रुजू होण्यापासून सुटेपर्यंतचे सगळे टप्पे घेतले असले, तरी सगळ्यात जास्त जागा त्या मीटिंग रूमला दिली आहे.

आधी हिशेब: त्या सहीची किंमत किती?

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला टेक्निशियन घेऊ. उदाहरण कल्पित आहे, आकडेमोड खरी आहे. महिन्याचा एकूण पगार ४०,००० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. उरलेले २५,००० घरभाडे, प्रवास अशा भत्त्यांचे. नोकरी झाली ६ वर्षं ८ महिने.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, जुन्या पद्धतीत त्या १५,०००वर मोजली गेली असती. नवीन कामगार संहितांमध्ये, म्हणजे पुढे सांगितलेल्या चार नव्या केंद्रीय कायद्यांमध्ये, 'वेतना'ची व्याख्या बदलली आहे. व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीची रक्कम वेतनात धरायची. इथे निम्मे म्हणजे २०,००० आणि भत्ते आहेत २५,०००. जास्तीचे ५,००० वेतनात आले, म्हणजे हिशेबाचं वेतन झालं २०,०००. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून वर्षं झाली ७.

ग्रॅच्युइटी: २०,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७. म्हणजे सुमारे ८०,७६९ रुपये. राजीनामा दिला तरी ही मिळते.

याच माणसाला कंपनीने 'कपात' म्हणून रीतसर कमी केलं, तर वर आणखी तीन गोष्टी द्याव्या लागतात. एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, म्हणजे २०,०००. दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई, म्हणजे १०,००० गुणिले ७, झाले ७०,०००. आणि नव्या तरतुदीनुसार पुनर्कौशल्य निधीतून (कमी केलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणूनच्या) पंधरा दिवसांचं वेतन, १०,०००, जे कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवं.

एकूण फरक एक लाखाचा. 'रेकॉर्डवर डाग नको' या वाक्याची ही किंमत आहे. शिवाय राजीनामा घेऊन वर नोटीस पिरियडचे पैसेही कापणाऱ्या कंपन्या आहेत, तो भाग वेगळाच.

तुम्ही कायद्याच्या नजरेत कोण आहात?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन संहिता २०१९, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा या २०२० सालच्या तीन. २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. म्हणून नेटवर १९४७चा औद्योगिक विवाद कायदा किंवा १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा सांगणारे जे लेख सापडतात, ते वाचताना तारीख बघा. त्यातली तत्त्वं बरीचशी तीच आहेत, पण मुदती आणि आकडे काही ठिकाणी बदललेत. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा वेगळा आहे आणि तो चालूच आहे. मात्र तो पूर्वी १० कामगारांपासून पूर्णपणे लागू व्हायचा, २०२५च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० केली.

खरी मेख 'कामगार' या शब्दात आहे. भरपाई, कपातीची नोटीस, कामावर परत घेण्याचा आदेश हे सगळं कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला मिळतं. शारीरिक, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा त्यात येतो, पगार कितीही असो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा येत नाही. देखरेखीचं काम करणारा, म्हणजे सुपरवायझर, महिना १८,०००पर्यंत वेतन असेल तरच येतो.

इथे लोक स्वतःच स्वतःला बाद करतात. "मी तर असिस्टंट मॅनेजर आहे, मला कुठलं काय," असं म्हणून गप्प बसतात. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला न्यायालयात फारसं महत्त्व नसतं. तुम्ही दिवसभर प्रत्यक्षात काय करता, कुणाची रजा मंजूर करता का, कुणाला नेमू-काढू शकता का, स्वतःच्या अधिकारात खर्च मंजूर करता का, हे बघितलं जातं. दिवसभर कोड लिहिणारा किंवा टेस्टिंग करणारा 'लीड' तांत्रिक काम करतो असा युक्तिवाद करता येतो. तो प्रत्येक वेळी टिकेलच असं नाही, पण लढवण्याजोगा नक्कीच आहे. त्यामुळे आजच एका कागदावर आपल्या रोजच्या कामाची खरी यादी लिहून ठेवा.

मॅनेजर असाल तरी सगळं संपत नाही. वेतन संहिता आणि ग्रॅच्युइटी मॅनेजरलाही लागू आहे. फक्त नोकरी परत मिळवण्याचा रस्ता जवळपास बंद असतो. दिवाणी न्यायालयात करारभंगाची भरपाई, बहुतेकदा नोटीस काळाचा पगार, एवढ्यावर बोळवण होते.

रुजू होताना

नियुक्तीपत्र घेतल्याशिवाय पहिल्या दिवसाची हजेरी लावू नका. ऑफर लेटर म्हणजे नियुक्तीपत्र नव्हे. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. जुन्या कर्मचाऱ्यांना आजवर दिलं नसेल, तर संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं. म्हणजे दहा वर्षं तोंडी कामावर असलेला माणूसही आता ते हक्काने मागू शकतो.

पत्रात तीन ठिकाणी थांबून वाचा: नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, बदलीचं कलम किती मोकळं आहे, आणि बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची अट, आहे का.

बाँडबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक म्हणजे बाँड मोडला की पोलीस येतात. येत नाहीत, हा दिवाणी मामला आहे आणि कुणालाही जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाही. दुसरा म्हणजे बाँडला काडीची किंमत नसते. तेही खरं नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता आणि रक्कम पगाराच्या मानाने वाजवी होती, हे त्या निकालात महत्त्वाचं ठरलं. पंधरा दिवसांचं 'ट्रेनिंग' देऊन पाच लाखांचा बाँड घेणाऱ्या कंपनीला तेच लागू होईल असं समजायचं कारण नाही. वाजवी नुकसान किती, हे तिला दाखवावं लागेल.

नोकरी सोडल्यावर 'स्पर्धक कंपनीत दोन वर्षं जायचं नाही' असं कलम मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. कंपनीची गुपितं बाहेर न्यायची नाहीत, हे बंधन राहतं.

मूळ मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवू नका. तपासून लगेच परत, आणि समोर बसून. 'फाइलला लावतो' म्हटलं की झेरॉक्स द्या. आधीच दिली असतील, तर ती परत मागणारा मेल आजच टाका.

भरतीत स्त्री म्हणून वेगळी वागणूक किंवा त्याच कामाला कमी पगार वेतन संहितेने मना केला आहे. मुलाखतीत 'लग्न कधी, मूल कधी' विचारलं तर ते सिद्ध करणं अवघड असतं हे खरंच. पण पगारातली तफावत कागदावर असते आणि ती सिद्ध होते.

नोकरी चालू असताना

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. पगारपत्रक मिळायला हवं. पगारातून कापलेल्या सर्व रकमा मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. दंड लावायचा तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि तो त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांच्या पुढे जात नाही. 'उशीर झाला, अर्ध्या दिवसाचा पगार कट' यातला बराचसा प्रकार बेकायदा असतो. जास्तीच्या तासांचं काम दुप्पट दराने, पण हजेरीची नोंद तुमच्याकडे नसेल तर ओव्हरटाइम मागणं म्हणजे नुसती तोंडाची वाफ. बायोमेट्रिकचा स्क्रीनशॉट, शिफ्टचा व्हॉट्सॲप मेसेज, काही ना काही महिन्याच्या महिन्याला बाजूला काढून ठेवा.

ठेकेदाराच्या हाताखाली असाल आणि त्याने पगार बुडवला, तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो. ठेकेदार पळाला म्हणून गेटवरून परत फिरू नका. अर्जात दोघांचीही नावं टाका. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल, तर कायम कामगाराइतकेच लाभ आहेत आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. पण मुदत संपून करार वाढवला नाही, तर त्याला कपात म्हणत नाहीत.

लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक व्यक्ती बाहेरची. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. ती चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते आणि ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. 'आपसात मिटवा' हा आग्रह समितीने धरायचा नसतो. समेट हवा असेल तर तक्रारदार स्त्रीनेच मागायचा आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही.

प्रसूती रजा २६ आठवडे, दोन हयात मुलं असतील तर १२. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. रजेवर असताना काढणं किंवा रजेत संपेल अशी नोटीस देणं बेकायदा आहे.

काढायची तयारी सुरू झाल्याच्या खुणा

अचानक सुधारणा योजना, म्हणजे पीआयपी, हातात येते. गेल्या वर्षी ज्याला बक्षीस मिळालं त्याचं रेटिंग तळाला जातं. पुण्यातल्या माणसाची बदली गुवाहाटीला होते. मेमो मिळायला लागतात.

प्रत्येक गोष्टीला लेखी उत्तर द्या, तेही लहान आणि थंड डोक्याचं. पीआयपीच्या दर बैठकीनंतर 'आज अमुक ठरलं, अमुक काम मी पूर्ण केलं, ही आकडेवारी' असा मेल जायलाच हवा. मेमोला उत्तर दिलं नाही तर त्यातलं सगळं कबूल आहे असा अर्थ पुढे काढला जातो. बदलीचा आदेश आला तर 'जाणार नाही' म्हणून घरी बसू नका. कंपनीला नेमकं तेच हवं असतं. गैरहजेरीवरून 'नोकरी सोडून दिली' असा कागद तयार होतो. शक्य असेल तर निषेध नोंदवून रुजू व्हा, शक्य नसेल तर कारणं लिहून फेरविचार मागा आणि सध्याच्या ठिकाणी हजर राहण्याची तयारी त्याच पत्रात दाखवा.

पुरावे जमवतानाही जपून. स्वतःची पगारपत्रकं, रेटिंग, कौतुकाचे मेल, नियुक्तीपत्र, रजेची शिल्लक हे घरी असू द्या. क्लायंटची माहिती, कोड, ड्रॉइंग मात्र खासगी मेलवर पाठवलं, तर तुम्ही गैरवर्तनाचं आयतं कोलीत त्यांच्या हातात देता. फोनवरचे मेसेज पुरावा म्हणून चालतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून मूळ फोन विकू नका, चॅट डिलीट करू नका.

मीटिंग रूममध्ये

सही करू नका. वाद घालायचा नाही, रडायचं नाही, 'बघतोच तुमच्याकडे' असं तर अजिबात म्हणायचं नाही. "मला विचार करायला वेळ हवा, जे आहे ते मेलवर पाठवा," एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा. 'आत्ता सही नाही केली तर टर्मिनेट करू' असं म्हणाले, तर "टर्मिनेशनचं पत्र द्या" म्हणा. बऱ्याचदा ते पत्र तयारच नसतं. कारण पत्रात कारण लिहावं लागतं आणि तिथून मगाशी मांडलेला हिशेब सुरू होतो.

बाहेर आल्यावर, शक्य तर त्याच दिवशी, खासगी मेलवरून एचआर आणि वरिष्ठांना असं काहीतरी पाठवा:

"आज दि. … रोजी दुपारी … वाजता मला बोलावून राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही व देण्याची माझी इच्छा नाही. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहण्यास तयार आहे. कंपनीस माझी सेवा समाप्त करावयाची असल्यास कारणासह लेखी नोटीस व सर्व कायदेशीर देणी द्यावीत. मला प्रवेश किंवा काम नाकारल्यास ती माझी सेवासमाप्ती समजली जाईल व मी योग्य ती दाद मागेन."

मराठीत चालतं. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मराठीतच कारभार चालतो.

दुसऱ्या दिवशी वेळेवर जा. कार्ड चाललं नाही तर गेटवर वेळ लिहून घ्या, शक्य असेल तर सुरक्षा रक्षकाच्या रजिस्टरमध्ये नोंद करा आणि संध्याकाळी पुन्हा मेल करा. त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. जुनी 'रजिस्टर एडी'ची सवय असेल तर लक्षात घ्या, १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. खिडकीवर नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घ्या, पावती जपून ठेवा. हातोहात पत्र दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.

सही आधीच झाली असेल तर? तासाभरात लक्षात आलं तर तासाभरात, रात्री लक्षात आलं तर रात्री, राजीनामा मागे घेत असल्याचा मेल करा आणि कोणत्या दबावाखाली दिला ते दोन ओळींत लिहा. स्वीकारल्याचं तुम्हाला कळवण्याआधी राजीनामा मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये मागे घेतला. रेल्वेचं म्हणणं होतं की आम्ही तो एप्रिलमध्येच मंजूर केला. पण ती मंजुरी कार्यालयाच्या आतल्या आतच राहिली होती, त्याला ती कळवलेलीच नव्हती आणि मधल्या काळात त्याला कामावर बोलावलं जात होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत कामावर घ्यायला आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्यायला सांगितलं. दहा वर्षं गेली हेही खरं. मात्र तो राजीनामा मागे घेणारा कागद नसता, तर भांडायला काही उरलंच नसतं.

दबाव होता हे तीन महिन्यांनी सांगणं आणि तीन तासांनी लिहून कळवणं, यात न्यायालय फार मोठा फरक करतं.

कधी कधी राजीनामा देणंच शहाणपणाचं असतं, हेही सांगायला हवं. नोकरी लागून चार-सहा महिनेच झाले असतील तर कपातीची भरपाई तशीही नसते. त्यासाठी सलग एक वर्ष, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम व्हावं लागतं. दुसरी नोकरी हातात असेल, किंवा कंपनी दोन-चार महिन्यांचा पगार देऊ करत असेल, तर घासाघीस करा. पण आधी रक्कम, रिलिव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र यांचा उल्लेख असलेला लेखी करार, मग राजीनामा. हा क्रम उलटा झाला की पैसे महिनोन्‌महिने 'प्रोसेस'मध्ये राहतात.

आरोप ठेवून काढत असतील तर

गैरवर्तनाचा आरोप असेल तर आरोपपत्र, उत्तर द्यायची संधी, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी आणि मग निर्णय असा क्रम पाळावा लागतो. चौकशीसाठी निलंबित केलं तर कामगाराला पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं, चौकशी लांबली तर ७५ टक्के. चौकशीला गैरहजर राहू नका. 'सगळं ठरलेलंच आहे' हे मनात असलं तरी जा. रोजनाम्यावर, म्हणजे चौकशीच्या कामकाजाच्या नोंदीवर, सही करताना जे चुकीचं नोंदवलं असेल त्याखाली 'हे मान्य नाही' असं लिहा. पुढे न्यायालय तोच रोजनामा वाचतं. आरोपाच्या नावाखाली ग्रॅच्युइटी सरसकट जप्त करता येत नाही. नुकसान केलं असेल तर नुकसानीपुरती, आणि हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तरच पूर्ण.

कपात करताना त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, वेगळं करायचं तर कारण लिहावं लागतं. वर्षभरात पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी विचारावं लागतं. म्हणून सुटल्यावरही कंपनीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तुमच्याच पदाची जाहिरात महिन्याभरात दिसली तर तिचा तारखेसकट स्क्रीनशॉट सोन्याच्या मोलाचा. ३०० किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते.

पैसे कधी आणि दाद कुठे

'फुल अँड फायनल ४५ दिवसांनी' ही कंपन्यांची पद्धत आहे, कायद्याची नाही. वेतन संहिता म्हणते, काढलं असो वा राजीनामा दिला असो, वेतन दोन कामाच्या दिवसांत. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, उशीर झाला तर सरळ व्याजासह. ही वाक्यं मेलमध्ये लिहून मागणी करा. निम्मी प्रकरणं इथेच हलतात असं माझं मत आहे, कारण एचआरलाही कागदावरची मुदत ओलांडायची नसते. फक्त 'सर्व देणी मिळाली, तक्रार नाही' अशा छापील पावतीवर डोळे झाकून सही नको. रक्कम घ्या आणि 'हक्क राखून स्वीकारले' असं हाताने लिहा.

थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. इथे मॅनेजरही चालतो.

नोकरी परत हवी असेल तर रस्ता वेगळा. वीस किंवा जास्त कामगार असतील तर कंपनीत तक्रार निवारण समिती असायला हवी, तिथे अर्ज करता येतो. काढून टाकल्याचा वाद मात्र थेट आपल्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे न्यावा. मुंबईत हे काम वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनातून चालतं. अर्ज साधा असतो: नाव, पद, खरं काम, रुजू तारीख, शेवटचा पगार, काय घडलं ते तारीखवार आणि काय हवं ते. दोन्ही बाजूंना बोलावणं जातं. पहिल्या तारखेला कंपनी हमखास गैरहजर राहते किंवा मुदत मागते, त्याने खचू नका. अर्जापासून ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर तुम्ही थेट न्यायाधिकरणात जाऊ शकता. नवी न्यायाधिकरणं उभी राहीपर्यंत जुनी कामगार व औद्योगिक न्यायालयंच हे काम बघतात. काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांत हा दावा व्हायला हवा. पूर्वी तीन वर्षं होती, तीच मुदत डोक्यात धरून बसलेले कितीतरी लोक आहेत.

पीएफचं वेगळं बघा. सुटायच्या आधीच यूएएनचं (पीएफ खात्याच्या क्रमांकाचं) पासबुक उघडून दर महिन्याची रक्कम जमा आहे का पाहा. पगारातून कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. कापून भरलाच नसेल तर पगारपत्रक आणि पासबुक शेजारी-शेजारी लावून ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तक्रार पोर्टलवर टाका. कंपनीने सोडल्याची तारीख नोंदवली नसेल तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी ती आधार ओटीपीने स्वतः नोंदवता येते. दहा वर्षं पूर्ण व्हायला थोडाच काळ उरला असेल तर पैसे काढू नका, नव्या नोकरीत खातं वर्ग करा. त्या दहा वर्षांवर पेन्शन अवलंबून आहे.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. सोबत ओळखपत्र, नियुक्तीपत्र किंवा एखादं पगारपत्रक, आणि घटनांची तारीखवार एक पानी टिपणी न्या. टिपणीवर सगळ्यात वर, ठळक अक्षरात, काढल्याची तारीख लिहा. तिथला माणूस आधी तीच बघतो.